साळखात्याचं भजन

पेटीची शिट्टी चालू होती. खोलीत भजन म्हणणारे सहा जण बसले होते आणि त्यांच्यापैकी एकालाही ती ऐकू येत नव्हती. जयवंतबुवांच्या बायकोला, जानकीला, येत होती. शेजारच्या खोल्यांनाही येत होती, म्हणून रविवारी दुपारी मंडळ बसलं की चाळीतले दरवाजे एकेक करून लोटले जायचे. तोंडावर कुणी बोलत नसे. जयवंतबुवांना जोगेश्वरीच्या त्या चाळीत मान होता.

बिघाड साधा होता. वरच्या सप्तकातल्या एका पट्टीखालची झडप नीट बसत नव्हती. भात्यातली हवा तिथून निसटायची आणि बोट ठेवलेलं नसतानाही त्या सुराची पितळी जीभ वाजत राहायची. भाता हलला की शिट्टी सुरू, भाता थांबला की बंद. उंच, बारीक, दातांत शिरणारा सूर. बुवा तिच्यावरूनच गात होते, डोळे मिटून, मान किंचित कलती ठेवून. त्यांचा स्वतःचा आवाजही आता पेटीपासून थोडा बाजूला पडत असे, पण त्याची जानकीला सवय झाली होती. शिट्टीची होत नव्हती.

मंडळ म्हणजे एकाच गिरणीच्या साळखात्यातले विणकर. सगळे मालवणकडचे, सगळ्यांची उमेदीची वर्षं साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, रांगांमध्ये उभं राहून गेलेली. साचे चालू असताना तिथे शेजाऱ्याच्या कानात ओरडलेलंही कळत नाही. म्हणून विणकर ओरडतच नाहीत. ते ओठ मोठे आणि सावकाश हलवतात, आवाज काढत नाहीत, आणि उरलेलं हातांनी सांगतात. खात्याच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाचा माणूस जॉबरला, म्हणजे मुकादमाला, कोणती शिवी देतोय हे बुवा ओठांवरून सांगायचे. नव्या माणसांना ती जादू वाटायची.

अशा ठिकाणी कान एकदम जात नाहीत. आधी उंच आवाज जातात: चिमण्या, बांगड्या, कुकरची शिट्टी. मग शब्दांतले स, श, फ पुसट होतात आणि माणसाला वाटू लागतं की हल्ली लोक पुटपुटतात. जाडे आवाज शेवटपर्यंत राहतात. पखवाज राहतो. जे ऐकू येणं बंद झालं ते बंद झालंय हे कळायला मात्र आतून काहीच मार्ग नसतो. मंडळातल्या प्रत्येकाला वाटत होतं की आपलं ठीक आहे. तोंड समोर असलं की सगळं कळत होतं, आणि भजनाला ते गोल करून बसत, एकमेकांच्या तोंडांकडे बघत.

संपानंतर गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. पहिलं वर्षभर जयवंतबुवा पहिल्या पाळीच्या वेळेला उठत, दाढी करत आणि निघून जात. कुठे जातात हे जानकीने विचारलं नाही. गिरणीच्या दरवाज्यासमोरच्या फुटपाथवर ते उभे असतात हे तिला शिवदासकडून कळलं होतं. शिवदास त्यांचा शेजारच्या साच्यावरचा सोबती, मंडळात झांज वाजवणारा. त्यानेच शेवटी एका रविवारी माळ्यावरची पेटी खाली काढली आणि म्हणाला, "बुवानू, उद्या परत गेटवर जावचा असला तर जावा. आज बसूया." बुवा बसले. त्या दिवसापासून गेट सुटलं. रविवारसाठी ते आठवडाभर जेवू लागले, झोपू लागले. डोक्यातल्या डोक्यात चाली घोळवताना त्यांची बोटं मांडीवर हलायची. जानकीला तेवढं पुरेसं होतं. शिट्टीबद्दल ती गप्प राहिली ती म्हणूनच.

मग फाल्गुनात वनमालाबाई आल्या.

अंधेरीला एका शाळेच्या तळमजल्यावर म्हाताऱ्यांसाठी विरंगुळा केंद्र निघालं होतं. वनमालाबाई ते चालवत. इस्पितळात मेट्रन म्हणून आयुष्य काढलेल्या, ताठ पाठीच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. केंद्रात कॅरम होता, वर्तमानपत्रं होती, डोळे-कान तपासायची सोय होती. पण बाईंचं म्हणणं वेगळंच होतं.

"नुसतं बसायला म्हाताऱ्यांना बोलावून काय करायचं?" खुर्ची नको म्हणून त्या चटईवरच बसल्या. "आमचे लोक कामाला लागतात. कुणी शाळेतल्या मुलांचे हिशेब घेतं, कुणी आंधळ्यांना वाचून दाखवतं. मरोळच्या बाजूला एका इस्पितळात जुनाट दुखण्याच्या म्हाताऱ्यांचा वॉर्ड आहे. त्यांना भेटायला कुणी येत नाही, बुवा. दर गुरुवारी तिथं भजन व्हावं असं माझ्या मनात आहे. आमच्या समितीतल्या एकांनी तुमचं मंडळ पूर्वी ऐकलंय. अजून नाव काढतात."

बाई स्पष्ट बोलत, तोंड समोर ठेवून. बुवांना एकेक शब्द कळला.

"दर गुरुवारी?" त्यांनी विचारलं.

"दर गुरुवारी. आधी आमच्या वार्षिक कार्यक्रमात गा. इस्पितळाचे एक डॉक्टर येणार आहेत, त्यांनी ऐकलं की झालं."

बाई गेल्यावर बुवा बराच वेळ दारातच उभे होते. मग जानकीकडे वळून म्हणाले, "कोणतरी वाट बघतला गो आमची." आणि हसले. गिरणी सुटल्यानंतर कामाला जायचं आहे असा त्यांचा चेहरा तिने पाहिला नव्हता.

आता गप्प राहून चालणार नव्हतं. चाळीतले लोक दरवाजे लोटून घेत होते, इस्पितळातले लोक कुठे जाणार? पुढच्या रविवारी पहिला अभंग संपला तशी ती गोलाच्या मध्ये येऊन उभी राहिली, सगळ्यांना तोंड दिसेल अशी.

"पेटी वरडता," ती म्हणाली.

"खय वरडता?" बुवांनी भाता मारला. शिट्टी सुरू झाली. त्यांनी कान पेटीला लावला, मग दुसरा कान लावला. भाता चालूच होता. "माका काय आयकाक येणा नाय. शिवदास, तुका?"

"नाय बा."

"धोंडू?"

धोंडू पखवाजवाला. तो म्हणाला, "माका माझो पखवाज आयकाक येता तेवढा पुरे."

बाकीच्यांनी माना हलवल्या. एकाने तर पेटीवर तळहात ठेवून बघितला, साच्याला ताप आलाय का बघावं तसा.

"वैनी," शिवदास म्हणाला, "आमी सगळे नाय म्हणतो, तू एकटी होय म्हणतंस. बुवानू, वैनीचे कान तपासून घेवा. केंद्रात फुकट तपासतत."

सगळे हसले. जानकीही हसली, कारण त्यांच्यात कुणी वाईट नव्हतं. साळखात्यात अशीच सवय होती: मशीनचा आवाज बदललाय का हे एकाला विचारायचं नाही, चौघांना विचारायचं, आणि चौघे म्हणतील ते खरं. सूत तुटल्याचं, पट्टा सरकल्याचं निदान तसंच व्हायचं आणि बहुतेक बरोबर निघायचं. ती सवय त्यांनी खोलीत आणली होती. फक्त ती सगळ्यांचे कान चांगले होते तेव्हाची होती.

"तरी एकदा दुरुस्तीवाल्याक दाखवूया," जानकी म्हणाली.

"बरी पेटी कोण उघडता?" बुवा म्हणाले. "एकदा उघडली की ती परत तशी बसणा नाय." पेटी त्यांच्या बुवांची, म्हणजे गुरूंची होती. तिला मंडळाबाहेरच्या कुणी हात लावायचा नाही अशी रीत होती, आणि लग्नापासून जानकीने तिच्यावरची धूळही पुसली नव्हती. ते बुवाच पुसत.

विषय संपला. पण बुवांच्या मनातून तो गेला नसावा. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी, पांढरा सदरा घालून झाल्यावर, त्यांनी पेटी पुढ्यात ओढली. खोलीत दोघंच होती. त्यांनी भाता हलवला आणि जानकीच्या तोंडाकडे बघत विचारलं, "खरा सांग. आता येता आवाज?"

शिट्टी खोलीभर भरून राहिली होती. जानकीच्या कानशिलात ती ठणकत होती. बुवा तिच्या ओठांकडे बघत होते, आणि त्यांच्या बघण्यात भीती होती. हो म्हटलं तर ते आज उठणार नाहीत हे तिला स्पष्ट दिसलं. आज नाही, गुरुवारी नाही, रविवारी नाही. उद्या पहिल्या पाळीच्या वेळेला उठून दाढी करतील.

"नाही येत," ती म्हणाली. आवाज न काढता, ओठ नीट हलवून.

त्यांनी पेटी बंद केली. "माका उगाच घाबरवलंस," ते म्हणाले आणि टोपी शोधू लागले.

शाळेचं सभागृह भरलं होतं. केंद्रातले म्हातारे, त्यांच्या सुना, नातवंडं. जानकी दुसऱ्या रांगेत कडेला बसली. तिच्या पुढे वनमालाबाई आणि त्यांच्या शेजारी इस्पितळाचे डॉक्टर. मंचावर मंडळाला गोल करून बसू दिलं नाही. लोकांकडे पाठ होते, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना एका ओळीत, समोर तोंड करून बसवलं. बुवा मध्ये. त्यांच्या पेटीसमोर एक माइक ठेवला आणि एक तोंडाशी.

भाता हलला.

भिंतींवरच्या कर्ण्यांतून शिट्टी बाहेर आली. खोलीत ती सहन करण्याइतकी होती, इथे ती सुईसारखी होती. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने दोन्ही कानांवर हात ठेवले. माइकवाला धावत आला, त्याने तारा हलवल्या, बटणं फिरवली. त्याला वाटलं माइकच ओरडतोय. बुवांनी गायला सुरुवात केली होती.

आधी कुजबुज झाली. मग मागून कुणीतरी हसलं आणि ते हसू रांगारांगांतून पुढे सरकत आलं. म्हाताऱ्यांचा कार्यक्रम, त्यामुळे कुणाला उघड हसायचं नव्हतं, आणि म्हणूनच ते थांबवता येत नव्हतं. तोंडावर पदर, रुमाल. मंचावर धोंडू आणि शिवदास मान खाली घालून आपापल्या हातांत रमले होते. बाकीचेही तसेच. एका ओळीत बसल्यामुळे त्यांना एकमेकांची तोंडं दिसत नव्हती, म्हणून ते तालाकडे लक्ष देऊन जिवाच्या कराराने साथ करत होते.

जयवंतबुवा मात्र समोर बघत होते. गाताना डोळे मिटायची त्यांची सवय, पण आज ऐकणारे कसे ऐकतात ते त्यांना बघायचं असावं.

जानकीला तेव्हा कळलं की काय होणार आहे. सभागृहात शेकडो तोंडं होती आणि उजेड भरपूर होता. आवाज कितीही असला तरी माणूस काय बोलतोय हे दुरून ओळखण्यात बुवांचा हात धरणारा कुणी नव्हता. तिने पाहिलं, त्यांचे डोळे एका तोंडावरून दुसऱ्यावर जात होते. तिसऱ्या रांगेतला एक गृहस्थ बायकोकडे वळून म्हणाला, "ही शिट्टी कसली?" बायको म्हणाली, "पेटी ती. त्यांना ऐकू येत नाही वाटतं." "सगळ्यांनाच?" गृहस्थाने विचारलं आणि दोघं हसली. जानकीने हे कानांनी ऐकलं. बुवांच्या चेहऱ्यावरून तिला समजलं की त्यांनीही ऐकलंय.

ते गायचे थांबले नाहीत. ओळ पुरी करून त्यांनी डावा हात भात्यावरून काढला.

शिट्टी बंद झाली. सभागृहातले खांदे सैल पडले. मुलीने कानांवरचे हात काढले. बुवांनी ते सगळं पाहिलं. मग त्यांनी पुन्हा भाता मारला. खांदे आखडले, हात कानांवर गेले. त्यांनी भाता सोडला. हात खाली आले. एवढं झाल्यावर पडताळून बघायचं काही राहिलं नव्हतं. त्यांनी पेटीवरचा हात मांडीवर घेतला आणि ते नुसतेच गाऊ लागले. त्यांचा आवाज कुठल्याच पट्टीत नव्हता, पण निदान तो माणसाचा आवाज होता.

वनमालाबाई डॉक्टरांकडे झुकल्या. "बिचारे फार आशेनं आलेत हो," त्या हळूच म्हणाल्या. "पण आजारी माणसांपुढं यांना कसं न्यायचं? मी काहीतरी सांगेन त्यांना." त्या मनाने वाईट नव्हत्या. त्यांचा आवाज जेमतेम जानकीपर्यंत पोचला. त्यांचे ओठ मंचावरून पूर्ण दिसत होते.

जानकीने वर पाहिलं. बुवांचे डोळे वनमालाबाईंच्या तोंडावरून उचलले गेले आणि तिच्यावर आले. थोडा वेळ तिथेच राहिले.

त्यांनी गजर घेतला. मंडळाचा शेवट गजरानेच व्हायचा. लय वाढवत ते दोन्ही हातांनी टाळ्या देऊ लागले. पखवाज दणाणला, झांजा उसळल्या. धोंडूच्या कपाळावरून घाम गळत होता. शेवटची थाप पडली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, बऱ्याच जोरात, कारण संपलं होतं आणि आपण हसलो याची लाजही वाटत होती. मंचावरच्या पाच जणांनी समोरचे हलणारे हात पाहिले. त्यांचे चेहरे फुलून आले.

"फारच छान," वनमालाबाई मंचाजवळ येऊन म्हणाल्या. "इस्पितळाचं मी कळवते हं, बुवा."

"होय," बुवा म्हणाले.

बसस्टॉपपर्यंत पाचही जण एकदम बोलत होते. "पेटीची वाट लागली शेवटाक, पण बुवानी काय सांभाळून घेतला! झकास!" धोंडू म्हणत होता. शिवदास गुरुवारची आखणी करत होता: वॉर्डात पखवाज हळू लागला पाहिजे, आजारी माणसं असतात, पहिल्या दिवशी प्रसादाला काहीतरी न्यायला हवं. "वैनी, तू शिरा कर," तो जानकीला म्हणाला. तिने मान डोलावली. बुवा पेटी छातीशी धरून पुढे चालत होते.

खोलीत आल्यावर त्यांनी पेटी खाली ठेवली आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "मी तुका इचारलेलंय."

"अहो," जानकी म्हणाली, "तुम्ही गेला नसता..."

ते तिच्याकडे बघत नव्हते. म्हणजे तिने काय म्हटलं ते त्यांना कळलं नव्हतं. ती वळून त्यांच्यासमोर गेली. त्यांनी नजर जमिनीवर घेतली. तिने त्यांच्या हनुवटीला हात लावला, तर त्यांनी डोळे मिटले. कान गेलेल्या माणसाला दार लावून घ्यायला एवढंच पुरतं. संध्याकाळी शेजारी कार्यक्रमाचं विचारायला आले, त्यांच्याशीही ते जमिनीकडे बघूनच बसले. पानात वाढलं की जेवत होते. काही मागत नव्हते, काही विचारत नव्हते. पहिल्या पाळीला उठत नव्हते. जानकीला वाटलं होतं तसं फुटपाथवर गेले असते तर बरं झालं असतं. तिथे निदान त्यांना समोर बघायला लागलं असतं.

वनमालाबाईंचा निरोप आला नाही. काय सांगायचं ते त्यांना सुचलं नसावं.

गुरुवारी दुपारी पाचही जण धुतलेले सदरे घालून दारात आले. धोंडूने पखवाजाला नवी खोळ शिवून घेतली होती. "निरोप नाय इलो," शिवदास म्हणाला, "तरी म्हटला तयार ऱ्हवाचा. बाई बोलावणं पाठवतली आणि आमी लुंगीवर बसलेले. बुवा तयार आसत मां?"

जानकी दार अडवून उभी राहिली. मागे बुवा भिंतीला टेकून बसले होते. पाच माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती, मान थोडी पुढे काढून, साळखात्यात बघत तशी. खरं सांगायचं तर आताच सांगता आलं असतं. पण तिला एकामागोमाग एक पाच खोल्या दिसल्या आणि प्रत्येक खोलीत जमिनीकडे बघत बसलेला एकेक म्हातारा.

"वॉर्डात रंगकाम काढलंय," ती म्हणाली. ओठ मोठे आणि सावकाश हलले. "पुढच्या गुरुवारी."

"असां काय," शिवदास म्हणाला. "मग पुढच्या गुरुवारी." त्याने तिच्या खांद्यावरून आत बघत हात उंचावला. आतून कुणी हात वर केला नाही. "बुवांची तब्येत?"

"बरी आहे. झोपलेत."

ते गेले. जिन्यावरून उतरताना धोंडूचा पखवाज कठड्याला लागून एकदा घुमला.

जानकी आत येऊन बुवांसमोर बसली, जमिनीवर, त्यांची नजर जिथे होती तिथेच. त्यांनी नजर थोडी बाजूला सरकवली. मग ती बोलू लागली. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी पेटी वाजत होती, हे सांगितलं. किती वर्षांपासून वाजतेय, ते सांगितलं. चाळीतले दरवाजे, शिट्ट्या त्यांना ऐकू न आल्याने कुकर जळाला तो दिवस, त्यांचा आवाज पट्टीतून कधी सुटला, सगळं. आता या पाच जणांना आपण काय सांगितलं आणि पुढच्या गुरुवारी काय सांगायचं ते आपल्याला माहीत नाही, हेही सांगितलं. आधी तिला आवाज होता. मग शेजारी ऐकतील म्हणून तो तिने काढून टाकला आणि नुसते ओठ हलवत राहिली.

बुवांनी मान वर केली नाही.